मोजणीत नसलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी, काळी आणि चांगलीच जड सायकल आहे. पेडणे तालुक्यातल्या एका गावात, सुकी लाकडं आणि माडाची चुडतं ठेवायच्या मांगरात, भिंतीकडे तोंड करून मी उभी असते. माझं पुढचं चाक वाकलेलं आहे. हँडलवर एक लोखंडी पकड आहे, तीही रिकामीच. त्या पकडीत माझा आवाज बसवलेला होता. अजून कुणाचा हात चुकून हँडलला लागला, की मला वाटतं, आता मी बोलणार. मग आठवतं.

तुम्ही म्हणाल, सायकलीचा आवाज म्हणजे घंटी. माझी घंटी नव्हती. माझा होता भोंगा. काळ्या रबराचा फुगा, त्याला पितळी तोंड. दाबला की 'पों-पों' असा आवाज तीन वाड्यांना ऐकू जायचा. कारण माझा पहिला धनी पोदेर होता. पोदेर म्हणजे आमच्या गोव्यात घरोघर पाव घेऊन फिरणारा माणूस.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. रंगाचा वास, आणि माझ्यासारख्याच शंभर बहिणी दोरीने एकत्र बांधलेल्या, एवढंच. पुढे डिचोलीच्या बाजारात इनास नावाच्या पोदेराने मला घेतलं. त्याने मला आधी वेल्डिंगच्या दुकानात नेलं. तिथे बेळगावकडचा मारुती काम करायचा.

"किती वजन घालणार रे मागे?" मारुतीने विचारलं.

"दोनशे पाव, पन्नास उंडे, काकणां वेगळीं," इनास म्हणाला. उंडे म्हणजे गोल पाव, काकणां म्हणजे बांगडीसारखे कडक पाव.

"मग असं कॅरिअर करतो की तुझी बायको बसली तरी हलणार नाही."

"बायको मडगावची रे. ती सायकलीवर बसत नाही."

मारुती खूप हसला आणि त्याने जाड सळ्यांचं कॅरिअर माझ्या पाठीला जोडलं. ते आजही शाबूत आहे. माझं बाकी सगळं झिजलं, तेवढं झिजलं नाही.

मित्रांनो, ती माझी भाग्याची वर्षं. पहाटे गरम पावांची वेताची पाटी माझ्या पाठीवर चढायची. वर निळं प्लास्टिक. थंडीतसुद्धा माझी पाठ ऊबदार असायची. मी गावात शिरले, की कुत्री भुंकायची थांबायची. इनासने भोंगा दाबला, की दारं उघडायची. मुलं पिशव्या घेऊन धावायची. "पोदेर आयलो! पोदेर आयलो!" दिवसाची पहिली धाव माझ्याकडे असायची. कुणी मला ओवाळलं नाही, कुणी फुलं घातली नाहीत. पण ज्याच्या आवाजाने घरं जागी होतात, त्याला आणखी काय हवं?

पुढे इनासचे गुडघे दुखू लागले. त्याच्या मुलाने स्कूटर घेतली. पाटी स्कूटरवर गेली. मी बेकरीच्या मागच्या भिंतीला टेकले. राख माझ्यावर पडायची. दोन पावसाळे मी तिथेच काढले. स्कूटरलाही तसलाच भोंगा लावला होता. तो रोज पहाटे वाजायचा. मी ऐकायचे आणि मला वाटायचं, मलाच हाक मारताहेत.

एके दिवशी सुदेश नावाचा तरुण तिथे आला. तो पेडण्याचा. त्याला म्हणे मजबूत कॅरिअरची एक सायकल हवी होती. त्याने मारुतीचं काम हलवून पाहिलं. हललं नाही. अशी मी डिचोलीहून पेडण्याला आले.

सुदेशचा उद्योग मला हळूहळू कळला. त्याच्या घरामागून तिळारीचा कालवा जातो. कालव्याच्या काठाने एक लांबच लांब रस्ता आहे. तोंडाशी आडवा खांब लावलेला, त्यामुळे मोटार नाही, ट्रक नाही, स्कूटरही नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काजूचे डोंगर, आणि खाली दूर दरीत शापोरा नदी चकाकत असते. मोरजीच्या समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना सुदेश हिवाळ्यात आणि काजूच्या हंगामात इकडे आणायचा. सायकली द्यायचा आणि दहा-बारा किलोमीटर फिरवायचा. त्यासाठी त्याने नऊ नव्या सायकली घेतल्या होत्या. हिरव्या, निळ्या, गिअरच्या. मी दहावी.

मला वाटलं, आता आपण पुन्हा सगळ्यांच्या पुढे. पण माझं काम वेगळंच होतं. अशा सफरीत एक सायकल सगळ्यांच्या शेवटी ठेवतात. कुणी मागे राहिलं, कुणाची साखळी उतरली, कुणाला दम लागला, तर शेवटच्या सायकलीने थांबायचं. कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही. सुदेशने माझं नाव ठेवलं शेंपडी. म्हणजे शेपटी.

आणि या शेपटीवर बसणार होती त्याची वहिनी, अश्विनी.

अश्विनी कॉलेज शिकलेली, बारीक अंगाची, सतत काहीतरी मोजत असलेली मुलगी. मुलगी म्हणते, पण तिला अडीच वर्षांची सेजल होती. तिचा नवरा श्रीनाथ बोटीवर कामाला. आठ-आठ, नऊ-नऊ महिने समुद्रावर. सेजलला ठेवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून माझ्या कॅरिअरवर वेताची छोटी खुर्ची बसली. पावांच्या जागी आता सेजल. अंगणात मी उभी असले, की ती भोंगा हळूच दाबून पोदेर पोदेर खेळायची.

तिला बसवताना अश्विनी काय काय करायची! आधी पट्टा ओढायची. मग पट्ट्यावरून ओढणी बांधायची. मग खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघायची. मग हेल्मेटच्या बंदाखाली बोट घालून बघायची. मग पुन्हा पट्टा.

"वयनी, पोरगी आहे, सिमेंटची गोणी नाही," सुदेश ओरडायचा. "पाहुणे थांबलेत गो!"

"थांबू देत."

"इथे एक गाडी नाही, घोडा नाही. कसली भीती?"

"गाडी नाही म्हणूनच," अश्विनी म्हणायची. "मोठ्या रस्त्यावर काही झालं तर कुणीतरी येतं. इथे कोण येणार?"

सुदेश हसायचा. मी मात्र ते वाक्य विसरले नाही.

ती नेहमी मला डोंगराच्या बाजूने चालवायची. कालव्याच्या बाजूने कधीच नाही. कालव्याच्या भिंती सिमेंटच्या, उतरत्या, शेवाळलेल्या. आत पडलेल्याला वर यायला धरायला काही नाही. ती पाण्याकडे बघत नसे, पण तिच्या हातांच्या घामावरून मला कळायचं, की तिचं सगळं लक्ष तिकडेच आहे.

अशी मी शेवटची झाले. मित्रांनो, शेवटच्याला काय दिसतं, ठाऊक आहे? पाठी. तीन हंगाम मी फक्त माणसांच्या पाठी पाहिल्या. घामाने भिजलेल्या, वळून न पाहणाऱ्या. पुढच्यांचं हसू माझ्यापर्यंत यायचं तेव्हा त्यातला विनोद संपलेला असायचा. आम्ही पोचायचो तेव्हा कलिंगडाच्या फोडी संपलेल्या असायच्या. अश्विनी साली गोळा करायची आणि सेजलसाठी घरून आणलेलं केळं सोलायची.

कधी कधी चढावर, पुढचे सगळे वळणाआड गेले, की ती एकटीच बोलायची. सेजलशी बोलल्यासारखं, पण सेजल तर मागे झोपलेली असायची. "आज त्यांचा फोन येईल. आलाच नाही तर समजायचं, रेंज नाही. रेंज नसणं काही वाईट नसतं." मी ऐकायचे. मला भोंग्याखेरीज बोलता येत नाही, म्हणून गप्प असायचे. पण एवढ्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही दोघी फार एकट्या होतो, हे मला कळायचं.

मोजण्याचं काम तिचं. सुरुवातीला मोजायचं, राखणेच्या वळणापुढे मोजायचं, शेवटी मोजायचं. आठ पाहुणे निघाले, आठ पोचले. ती मोजायची, आणि पुढे पोचल्यावर सुदेशही मोजायचा. आठ. मोजणी पुरी.

आता राखणेचं वळण म्हणजे काय, ते सांगते. अर्ध्या वाटेवर एका जुन्या आंब्याखाली एक दगड आहे. तो राखणदाराचा. राखणदार म्हणजे गावच्या शिवेवर राखण करणारा. हातात काठी, पायात वहाणा. वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, असं गावचे लोक मानतात. त्याच्या जागी आले, की सगळ्यांनी सायकलीवरून उतरायचं, गप्प चालायचं. घंटी नाही, भोंगा नाही. आणि मागून एकदाच हाक आली, तर ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. एकदाच मारली, तर ती माणसाची नव्हे.

सुदेश हे पाहुण्यांना रंगवून सांगायचा. पाहुण्यांना फार आवडायचं. ते मान खाली घालून चालायचे. अश्विनी मनातून हसायची, पण पाळायची. "शिकलेली असले म्हणून काय झालं," ती म्हणायची, "गावची रीत ती रीत." तीन हंगामांत एकदाही तिने त्या वळणावर माझा भोंगा दाबला नाही.

आता माझ्याकडे झालेल्या दुर्लक्षाची गोष्ट. माझे ब्रेक सळ्यांचे. चाकाला घासणारे त्यांचे रबरी तुकडे झिजत झिजत पातळ झाले होते. मागचा तर अंगठ्याएवढा तुकडा, तोही अर्धा. अश्विनीने महिनाभर सांगितलं.

"भावोजी, मागचा ब्रेक लागत नाही."

"करतो, करतो. आधी त्या निळीचे गिअर बघू दे."

"उतारावर पाय टेकवावे लागतात मला."

"शेंपडीला ब्रेक कित्याक गो वयनी? ती सगळ्यांच्या मागे. ती कुणाला जाऊन धडकणार?"

सगळे हसले. अश्विनीसुद्धा थोडी हसली. मित्रांनो, माझं दुःख असं, की मलाही ते बोलणं खरं वाटलं.

एप्रिल महिना होता. सेजल आता पाच वर्षांची झाली होती. काजूचा हंगाम जोरात. डोंगरभर लाल-पिवळे बोंडू पडलेले, हवेला गोड-आंबट वास. आठ पाहुण्यांत एक होत्या कोल्हापूरच्या सुलोचनाबाई. वय एकाहत्तर, पायात पांढरे बूट, हळूहळू पण न थांबता चालवणाऱ्या. त्या सगळ्यांत मागे आणि आम्ही त्यांच्या मागे. त्या कधी कधी थांबून आमच्याशी बोलायच्या. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर एक चेहरा आला.

"अगं पोरी, माझी लेक जर्मनीत असते," त्या सांगत होत्या. "तिथं असाच नदीच्या काठानं सायकलींचा रस्ता. एक मोटार नाही. दोन्ही अंगाला द्राक्षांचे मळे. मी म्हटलं, असं आपल्याकडं कुठं असणार! आणि बघ, इथं द्राक्षाच्या जागी काजू."

"आमच्याकडे काजू पायांनी तुडवतात," अश्विनी म्हणाली. "पुढे गुरुदासकाकांच्या कोळमीवर बघाल तुम्ही. कातळातच खळगा आहे, त्यात बोंडू घालून तुडवतात. रस निघतो तो नीरो. काका प्यायला दिल्याशिवाय सोडत नाहीत कुणाला."

"आणि तू? तू पितेस का?"

"मी पोचेपर्यंत संपलेला असतो," अश्विनी हसत म्हणाली.

"आज नाही संपायचा," बाई म्हणाल्या. "तुझा पेला मी धरून ठेवते."

राखणेचं वळण आलं. सगळे उतरले. दगडापासून पुढे उतार लागतो आणि उताराच्या तळाला, पुढच्या वळणाआड, गुरुदासकाकांची कोळमी. पाहुणे दगड ओलांडून सायकलींवर बसले आणि वाऱ्यासारखे खाली गेले. सुलोचनाबाईही गेल्या. अश्विनीने मोजलं. आठ. मग ती माझ्यावर बसली.

उतार नेहमीचाच. पण त्या दिवशी वाटेवर बोंडू पडलेले होते, चुरडलेले, निसरडे. तिने ब्रेक दाबला. मागचं रबर सळीतून निसटून पडलं. ते पडलेलं मला कळलं. पुढचा ब्रेक लागला, पण नुसता घासत राहिला. मी धावत सुटले. डावीकडे कालवा. तिने पाय टेकवले, चप्पल सुटली, आणि तिने एकच गोष्ट केली. सगळ्या अंगाच्या जोराने मला उजवीकडे वळवलं, डोंगराकडे. माझं चाक दगडावर आपटलं आणि वाकलं. आम्ही तिघीही आडव्या झालो.

"भावोजी!" ती ओरडली. एकदाच.

सुदेश खालच्या वळणावर होता. त्याने ती हाक ऐकली. पुढे त्याने स्वतः रडत सांगितलं, की ऐकली. सुलोचनाबाईंनीही ऐकली. राखणेकडून, मागून, एकच हाक. दोघांनी मान खाली घातली आणि पुढे गेले. रीत पाळली.

मग अश्विनीने दुसऱ्यांदा हाक का मारली नाही? सांगते. तिचा पाय माझ्याखाली अडकला होता. पेडल आणि दगड यांच्या मध्ये घोट्याजवळ काहीतरी मोडलं होतं. मी पोदेराची सायकल, दोनशे पावांचं वजन पेलणारी. माझं तेच वजन आता तिच्या पायावर होतं आणि मला उठता येत नव्हतं. सेजल पट्ट्यात तिरकी लोंबत रडत होती. पट्टा तुटला नव्हता, गाठ सुटली नव्हती. अश्विनीने हात लांब करून ती गाठ सोडली. सेजल उतरली, उभी राहिली. एक ओरखडासुद्धा नाही. तिने इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, माझी बाटली."

तिची गुलाबी बाटली उतारावरून घरंगळत कालव्याच्या काठाला जाऊन थांबली होती. सेजल तिकडे निघाली.

अश्विनी ओरडायला तोंड उघडणार होती. पण तिने उघडलं नाही. ओरडलं, तर पोर दचकेल. काठावर दचकेल. तिने दोन्ही ओठ दातांत धरले आणि मग असा आवाज काढला, जणू ती घरात भात वाढतेय.

"सेजू, पोदेर खेळूया?"

सेजल थांबली. काठ दोन पावलांवर.

"बाटली आणते आधी."

"बाटली राहू दे. पाव थंड होतील ना. ये, तू पोदेर हो."

"इथे भोंगा नाही वाजवायचा," सेजल म्हणाली. "काका म्हणतो, राखणदार झोपतो."

"आज राखणदारानेच पाव मागवलेत."

"खरंच?"

"खरंच. दोन उंडे आणि एक काकण. सकाळपासून वाट बघतोय बिचारा."

सेजलने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा आंब्याखालच्या दगडाकडे. मग ती वळली. एक पाऊल, दोन पावलं, चार. ती माझ्या हँडलजवळ येऊन बसली तेव्हा अश्विनीने तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं. पुढे माणसं आली तेव्हाही ती मूठ उघडायला वेळ लागला.

"वाजव," ती म्हणाली. "थांबू नको हं. त्याचं घर लांब आहे."

आणि मित्रांनो, किती वर्षांनी मी मोकळ्या गळ्याने बोलले! सेजलच्या दोन छोट्या हातांनी फुगा दाबला. पों-पों. पों-पों. "पाव घ्या पाव! गरम गरम उंडे!" आंब्यावरचे कावळे उडाले. मी डोंगराला सांगितलं, दरीला सांगितलं, खाली नदीला सांगितलं. मी असा आवाज डिचोलीच्या थंडीतसुद्धा काढला नव्हता. अश्विनी डोळे मिटून मोजत होती. पण आता ती माणसं मोजत नव्हती, माझे भोंगे मोजत होती. चाळीस. साठ. सेजलचे हात दुखू लागले.

"आई, तो झोपलाय. येत नाही."

"येतो. म्हातारा आहे. वहाणा शोधत असेल. वाजव."

खाली कोळमीवर काय चाललं होतं, ते मला नंतर गुरुदासकाकांनी सांगितलं. म्हणजे मला नाही, सगळ्यांना, मी ऐकलं. सुदेशने पाहुणे मोजले. आठ. मोजणी पुरी. त्याने सायकली ओळीने लावल्या. सुलोचनाबाई हातात नीरोचे दोन पेले घेऊन उभ्या होत्या.

"आमच्या मागची पोरगी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ती शेंपडी," सुदेश म्हणाला. "ती येणारच मागून. तिचं कामच ते."

तेवढ्यात भोंगा ऐकू आला. सुदेशने कान टवकारले, मग म्हणाला, "आमचीचा नसेल. वयनी राखणेत भोंगा वाजवणार नाही. मेली तरी नाही."

गुरुदासकाका गुडघ्यापर्यंत रसात उभे होते. ते म्हणाले, "मग पोदेर असेल. या बाजूला पोदेर येऊन दहा वर्षं झाली रे. आला आहे तर घेतो पाव." आणि ते तसेच रसाने माखलेल्या पायांत वहाणा सरकवून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी घेऊन चढ चढू लागले. सुलोचनाबाईंनी पेले खाली ठेवले आणि त्याही मागे निघाल्या.

सेजलला आधी काठी दिसली. मग वहाणा. मग पांढऱ्या मिशा.

"आई," ती हळूच म्हणाली, "राखणदार आला." आणि त्याला म्हणाली, "पाव संपले."

गुरुदासकाकांनी मला पाहिलं, माझ्याखालचा पाय पाहिला, कालव्याच्या काठावरची गुलाबी बाटली पाहिली. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यांनी मला एका हाताने असं उचललं, जणू मी रिकामी पाटी. मग ते खाली तोंड करून ओरडले. तीनदा.

"सुदेशा! सुदेशा! सुदेशा!"

अश्विनीच्या पायाला दीड महिना प्लास्टर होतं. सुदेश त्या दिवशी तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "वयनी, मी मोजले. आठ होते. मी बरोबर मोजले." तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. सुलोचनाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमची बेरीज चुकली नाही. तुम्ही मोजणारीलाच धरलं नाही." आणि मग त्या आपल्याच पांढऱ्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "आणि मी हाक ऐकून गप्प चालले. मी मास्तरीण. पोरं एकदाच हाक मारतात, हे मला कळायला हवं होतं."

गुरुदासकाकांनी दगडापुढे नारळ ठेवला, विडी ठेवली. सेजलने विचारलं, "राखणदार रागावला?"

"रागावेल कशाला?" काका म्हणाले. "तो पुढे चालत नाही गो बाय. तो सगळ्यांच्या मागून चालतो. त्याला शेवटच्याचंच कळतं."

आता सफरीची रीत बदलली आहे. सुदेश फाटकाशी मोठ्याने मोजतो. "आठ पाहुणे, नववी वयनी, दहावी सेजल." दर रविवारी सगळ्या सायकलींचे ब्रेक तपासले जातात, शेवटच्या सायकलीपासून सुरुवात करून. आणि राखणेच्या वळणावर सगळे पूर्वीसारखेच गप्प चालतात, पण पार झाल्यावर शेवटची सायकल तीनदा भोंगा वाजवते आणि पुढचे थांबून उत्तर देतात.

शेवटची सायकल आता मी नाही. एक नवी लाल सायकल आहे, तिचे ब्रेक चांगले आहेत. माझं वाकलेलं चाक सरळ होण्यासारखं नाही म्हणतात. भोंगा काढून तिच्या हँडलवर लावला. मला राग नाही. तो तिथेच हवा. पण शनिवारी सकाळी फाटकाशी तो वाजतो, तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभं राहून आपलाच आवाज दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकणं फार अवघड जातं. मग सगळे जातात. मांगरात मुंग्यांखेरीज कुणी नसतं. श्रीनाथ अजून बोटीवरच आहे. अश्विनी आता लंगडत नाही, पण उतार आला की उतरून चालते, असं सेजल सांगते.

संध्याकाळी सायकली परत येतात. मांगरासमोर ओळीने उभ्या राहतात. सुदेश मोजतो, सेजल त्याच्यामागे मोजते. माझ्या जागी आलेली लालही धरून, दहापर्यंत दोघांचं जुळतं.

मग सेजल मांगरात येते, लाकडांवर पाय देऊन माझ्या सीटवर हात मारते आणि म्हणते, "अकरा."

"दहाच गो," सुदेश बाहेरून म्हणतो.

"अकरा," ती म्हणते.

मित्रांनो, मला रंग नको, नवं चाक नको. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी सगळ्यांचे डबे, सगळ्यांच्या चपला, सगळ्यांची डोकी मोजत असेल. रात्री कडी लावण्यापूर्वी ते माणूस मोजणीत आहे ना, ते एकदा बघा. आणि मागून हाक आली, एकदाच आली तरी, वळून बघा.